विन्सेंतीकाकांची फुलं

लेशेकला जुळ्या मुली झाल्या त्या साली त्याची बहीण बोझेना कॅनडात, हॅमिल्टनमध्ये, एका तळघरातल्या खोलीत राहत होती. भाच्यांचा बाप्तिस्मा तिने फोनवर ऐकला. एक रडत होती, दुसरी त्याहून मोठ्याने, आणि मध्येच आईचा आवाज आला, "ऐकलंस? दोघी तुझ्यावर गेल्यात."

फोन विन्सेंतीकाकांच्या घरातला होता. बोझेनाच्या खोलीत फोन नव्हता, दाराला टपालपेटीही नव्हती. पोलंडहून कुणाला काही कळवायचं असो की सरकारला काही पाठवायचं असो, पत्ता काकांचाच. रविवारी चर्चमधून निघालं की नव्याने आलेली पोलिश माणसं त्यांच्या स्वयंपाकघरात जमत. चाळीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात काढलेला हा म्हातारा त्यांना चहा द्यायचा आणि चहाबरोबर सल्ला.

"इथे कुणी 'कशी आहेस' विचारलं की 'छान' म्हणायचं आणि चालू लागायचं," त्यांनी तिला पहिल्याच भेटीत सांगितलं.

पण तोवर उशीर झाला होता. बोझेना एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायची. तिथल्या मुकादमबाईने तसं विचारलं, तेव्हा तिने दाढ ठणकते, झोप लागत नाही, आईच्या छातीत दुखतं, सगळं सांगून टाकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती बाई मागच्या दाराने आत येऊ लागली.

काका पोट धरून हसले. "आईच्या छातीवर थांबलीस ते बरं झालं. आत्याच्या गुडघ्यांवर आली असतीस तर बाईने नोकरीच सोडली असती."

तशी ती बाई वाईट नव्हती. बोझेनाच्या वाढदिवसाला तिनेच गुलाब आणले. बोझेनाने ते मोजले. बारा! सम संख्येत फुलं न्यायची ती कबरीवर. पोलंडमध्ये शेंबड्या पोरालाही हे कळतं. तिने घाईघाईने एक गुलाब काढून सालींच्या बादलीत टाकला, छातीवर क्रूस काढला आणि मग "छान" म्हणाली.

"अगं वेडे, इथे अंडी आणि गुलाब डझनानेच मिळतात," काका म्हणाले. "तुझ्या मरणावर कुणी टपलेलं नाही. हसून घ्यायची."

"तुम्ही घेता?"

"घेतो की. देत मात्र नाही."

जानेवारीत लेशेकचा फोन आला. आईला इस्पितळात ठेवलं होतं. बोझेनाने फोन खाली ठेवला तो काकांकडे बघतच.

"जाऊ का?"

"इथे कायम राहण्याच्या परवानगीचे कागद हातात येण्याआधी देशाबाहेर पाऊल टाकलंस तर परत येणं अवघड. सगळं पहिल्यापासून. दोन वर्षं पाण्यात."

"आणि आई?"

"वाट बघेल. आया बघतात." मग काका उठले आणि धुतलेला कप पुन्हा धुऊ लागले.

पुढच्या रविवारी आईही इस्पितळातून तेच म्हणाली. "काकांचं ऐक. मी कुठे पळून जातेय? इथे तर चप्पलसुद्धा पलंगाखाली सरकवून ठेवतात."

बोझेना थांबली.

संध्याकाळी ती खोलीत बसून छतावरची पावलं ऐकायची. वरच्या घरातलं धाकटं पोर एक पाय ओढत चालतं, हे तिला ठाऊक होतं. त्याचा चेहरा तिने पाहिला नव्हता. गावाकडे शेजारीण मीठ मागायला येऊन जेवून जायची. इथे आधी फोन केल्याशिवाय कुणी कुणाच्या दारात जात नाही, आणि तिच्याकडे तर फोनच नव्हता. तिने फडताळात कप मात्र दोन ठेवले होते. दुसरा अजून कोराच होता.

मार्चमधल्या एका संध्याकाळी दार वाजलं. बाहेर काका होते. अंगात रविवारचा कोट, हातात कागदात गुंडाळलेली फुलं.

"काका? आज तर बुधवार!" तिने हात पुढे केला. उंबरठ्यावर हात मिळवायचा नसतो, म्हणून ते आधी आत आले, बूट काढले, आणि मग तिचा हात हातात घेतला. तो त्यांनी लवकर सोडला नाही.

मग खिशातून जाड लिफाफा काढून टेबलावर ठेवला. "आले तुझे कागद."

बोझेनाने वाचलं आणि काकांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "म्हणजे आता मी जाऊन परत येऊ शकते?"

"येऊ शकतेस. उद्याच निघ."

"उद्या? एवढी कसली घाई! ईस्टरला जाते ना. तोवर आईला घरी सोडतील, दोघी मिळून केक करू."

"उद्याच निघ, पोरी. मुकादमबाईशी मी बोलतो."

"बरं बाबा, उद्या. पण आईला कळवायचं नाही हं! एकदम दारात उभी राहते. बघू तरी काय करते!"

काकांनी किटली शेगडीवर ठेवली आणि फडताळातून दोन्ही कप काढले.

फुलदाणी नव्हती. बोझेनाने काकडीच्या लोणच्याची रिकामी बरणी विसळली, कागद सोडवला आणि सवयीने एकेक कार्नेशन मोजत बरणीत खोचलं. आठ.

ती खळखळून हसली. "काका! चाळीस वर्षांनी शेवटी तुम्हीही कॅनेडियन झालात!" आणि तिने एक फूल काढायला हात घातला.

काकांनी तिच्या हातावर हात ठेवला. "राहू दे. मी मोजूनच आणलीत."

बोझेनाची आई गेनोवेफा त्या बुधवारी, सहा मार्चला, पहाटे इस्पितळात वारली.