पांढरा धागा

संत्र्याच्या बागेतलं शेवंताचं आजचं हे दोनशे बारावं झाड होतं. तिने आळं उकरलं, मुळाच्या टोकाशी सुई टेकवली आणि स्फुरद खताचे चार थेंब सोडले. फवारे मारून मारून जमिनीतली बुरशी संपवली, त्याला वीस वर्षं झाली होती. ती बुरशी मुळांना जमिनीतलं जे अन्न आणून द्यायची, ते आता बाया आणून देत होत्या, दर सहा तासांनी, सणवार न बघता. शेवंताची कंबर आडवं पडल्यावरही सरळ होत नसे.

पुढचं आळं उकरताना ती थांबली. मुळाला केसासारखा पांढरा धागा चिकटला होता.

"बुरशी हाय," तिची धाकटी जाऊ बेबी मागून म्हणाली. "औषध मारा न बाई. नियमच हाय."

शेवंताने पाठीवरच्या पंपाची नळी हातात घेतली. मग नळी सोडून तिने त्या धाग्यावर हलकेच ओंजळभर माती लोटली.

"ही पसरली तर आपलं काम जाईन वो," बेबी कुजबुजली.

"तिचंच काम होतं ते," शेवंता म्हणाली. "करू दे तिले. मी थकली आता."