चौथी टोपी

सूतिकागृहाच्या कॉरिडॉरमध्ये निरंजन छताकडे पाहत येरझाऱ्या घालत होता. सार्वजनिक इमारतींतले फायर अलार्म हेरण्याचा त्याला छंद होता.

"वर काय बघताय? बायको आत आहे तुमची!" सिस्टर हसल्या.

"या सगळ्या स्मोक डिटेक्टरवर प्लास्टिकच्या टोप्या आहेत. रंगकामानंतर काढायच्या राहिल्यात. धूर झाला तरी अलार्म वाजणार नाही."

"सोमवारी माणूस येईल."

सोमवारपर्यंत बायको आणि बाळ इथेच असणार होती. सिस्टर आत वळताच तो स्टूल ओढून चढला आणि एकेक टोपी उतरवू लागला.

चौथी टोपी निघाली, तेवढ्यात सिस्टर धावत बाहेर आल्या. "अहो, उतरा खाली! मुलगी झाली. दोघी छान आहेत."

उतरून त्याने डोळे पुसले आणि स्टूल उचललं. "कोणत्या खोलीत ठेवणार त्यांना?"