डाव्या भिंतीवरचा कावळा

"कावळ्याला विचारून रस्ते नाही बनत, मालोजी. सरकारला विचारून बनतात."

"मग सरकारलाच सांगा, दोन टोपल्या माती टाकून दाखव म्हणून," मालोजी म्हणाला.

तो मजुरांचा मुकादम. आजे-पणजे होळकरांच्या फौजेत होते, त्यामुळे साधं बोलतानाही छाती काढून उभा राहायचा. त्याच्या मागे चाळीस मजूर फावडी उलटी टाकून बसले होते.

ओवरसियर दिनानाथने घड्याळ पाहिलं. भांडायचा दम होता त्याच्यात, वेळ नव्हता. दिवाळीपर्यंत रस्ता चालू झाला नाही तर नोकरीवरून छुट्टी, अशी वरून चिठ्ठी आली होती.

राज्याला दोन राजधान्या, गर्मीत सरकार इंदूरला यायचं आणि मंत्र्यांच्या मोटारी राऊ गावाच्या पुढे नाल्यात उतरून गोट्यांवर टायर फोडून घ्यायच्या. पाच वर्षं हेच. पुलाच्या दोन्ही भिंती तयार, वरचं छत तयार. बस, दोन्ही बाजूंचा मातीचा भराव बाकी होता. तो टाकायला कोणी तयार नव्हतं.

कारण शंकरराव.

शंकरराव आधीचे ओवरसियर. पहिल्याच साली नाल्याला पूर आला. मोजणीची साखळी वाहून चालली, ते बूट काढून पाण्यात उतरले आणि गेले. दिनानाथ तेव्हा त्यांच्या हाताखाली होता, त्यानेच डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगितलं. बॉडी मिळालीच नाही. काठावर बूट मिळाले, जोडीने ठेवलेले.

त्यांची बायको इंदुमतीबाई तेव्हा एकदाच बोलली होती. "बूट काढले? हे तर देवळाच्या पायरीपर्यंत बूट घालून जायचे." मग त्याबद्दल परत कधी काही बोलली नाही.

पुढच्या साली भराव टाकायला घेतला तर माती धसली. दोन मजूर दबून मेले. तेव्हापासून मजुरांचं एकच म्हणणं. शंकररावांचा जीव इथे अडकलाय. पितृपक्षात पुलापाशी पिंड ठेवा, कावळा शिवला की आम्ही माती टाकतो.

चार वर्षं कावळा शिवला नाही.

यायचा मात्र. येऊन डाव्या भिंतीवर बसायचा. झाडावर नाही, उजव्या भिंतीवर नाही. डावी भिंत दिनानाथने बांधून घेतलेली. जायच्या आधीच्या आठवड्यात शंकरराव तिचा चुना बोटांनी चोळून बघायचे, नुसती वाळू गळायची, आणि थुंकायचे. आता तिथे कावळा बसायचा, मान वाकडी करून.

"दर्भाचा कावळा करू," दिनानाथ म्हणाला. "शास्त्रात चालतो."

"तुमच्या दफ्तरात चालेल, साहेब. तिथे सगळंच गवताचं आहे."

मजूर हसले. भिंतीवरचा कावळा ओरडला तसे गप्प झाले.

शंकररावांचा भाऊ दिवाकर, त्याने पत्रावळ मांडली. पिंड, भात, वडा, सगळं. मग सगळे मागे सरकले. इंदुमतीबाई दरवर्षीसारखी पत्रावळीशीच बसून राहिली, डोळे मिटून, राम राम पुटपुटत, पदराने माश्या वारत.

आता वचनं. एकेकाने पत्रावळीपाशी वाकायचं आणि हळूच सांगायचं. मेलेल्याने ऐकलं की पुरे, दुसऱ्या कोणाला ऐकू जायला नको.

दिवाकरने सांगितलं. काय ते सगळ्यांना माहीत होतं, तुझ्या पोरीचं लग्न मी करून देईन. दरवर्षी हेच सांगायचा. पदर हलत होता. कावळा जागचा हलला नाही.

मालोजी वाकला, पण त्याला हळू बोलताच येत नव्हतं. रस्ता पूर्ण करू, पुलाला तुमचं नाव देऊ, हे नाल्यापार ऐकू गेलं. कावळ्याने पाठ फिरवली.

मजुरांत कुजबुज झाली. ज्या रस्त्यासाठी माणूस गेला, तो रस्ताही त्याला नको होता.

"मग दादाला पाहिजे तरी काय?" दिवाकर रडकुंडीला आला.

मालोजीने दिनानाथकडे पाहिलं. "साहेब, त्यांना शेवटचं बघितलं तुम्ही. चार वर्षांत तुम्ही एकदाही वाकले नाही."

दिनानाथ हसला. दुसरं कोणी हसलं नाही. कावळा भिंतीवरून दोन उड्या मारून पुढे सरकला, अगदी टोकावर.

"ठीक आहे भिया," दिनानाथ म्हणाला. टोपी काढून तो पत्रावळीपाशी गेला. गुडघे टेकले. तोंडावर हात धरला आणि बोलत राहिला. दिवाकरला लागला त्याच्या तिप्पट वेळ त्याला लागला. उठला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

इंदुमतीबाईचा पदर थांबला.

तिने डोळे उघडले, हात टेकून उठली आणि दहा पावलं मागे जाऊन उभी राहिली.

कावळा सरळ खाली आला. पिंडाला चोच मारली, मग दुसरी, मग वडा उचलून उडून गेला.

मजुरांनी जयजयकार केला. दिवाकर जमिनीवर डोकं टेकून रडला. मालोजीने स्वतः पहिलं फावडं उचललं. दिनानाथने रुमालाने तोंड पुसलं. पाच वर्षांत पहिल्यांदा तो मोकळा दिसत होता.

"डावीकडून टाका," तो म्हणाला. "आधी डावीकडे."

"थांबा मालोजी," इंदुमतीबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "टाकू नका. डाव्या भिंतीमागे पायाशी खणा. हे तिथेच आहेत. दिनानाथजींनी आत्ता यांना सांगितलं. मी जवळच बसले होते."

फावडं मालोजीच्या हातातच राहिलं. चाळीस माणसं दिनानाथकडे बघत होती.

दिनानाथने टोपी घातली, इकडेतिकडे सायकल शोधली.

"मला आता निघायला पाहिजे," तो म्हणाला.