वैद्याचं चिलखत

होतचंदच्या इंटरनेटच्या दुकानात, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढे वृंदा बसली. मोडेम बराच वेळ किंचाळला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी उमटायला लागल्या. चित्र एकही नाही. याला लोक खेळ म्हणतात आणि त्यापायी जेवणं विसरतात, हे तिला आजवर पटलेलं नव्हतं.

तो खेळ तिच्या धाकट्या भावाचा. हेमचंद्र दोन वर्षं अंबरनाथहून रोज इथे, कॅम्प चार भागात, येऊन बसायचा. या घडीला तो दोन गल्ल्या सोडून हॉस्पिटलात, ऑपरेशनच्या टेबलावर होता. अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता आणि आठवड्यात दुसऱ्यांदा पोट उघडायची वेळ आली होती. पहिल्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, काळजी करू नका. या वेळी नुसतं "बघू" म्हणाले.

आणि स्ट्रेचरवरून आत जाताना या शहाण्याला आठवलं काय, तर खेळ.

"ताई, आज मोठी लढाई आहे. सगळे माझ्यासाठी थांबलेत. तू फक्त माझी तयारी करून दे. पॉइंट सगळे हीलिंगमध्ये टाक, लाइफमध्ये एक पण नको. आणि झगाच घाल, चिलखत नको हां."

"मग तो मेला म्हणजे?"

"हीलर मरत नाही गं. बाकीचे सांभाळतात त्याला," तो म्हणाला, आणि दार बंद झालं.

आई बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसली. तिने शंकराला अकरा सोमवार बोलून टाकले. वृंदा तिच्यावर खेकसली, "आई, असल्याने काही होत नसतं." मग तिलाच वाईट वाटलं. त्या बंद दाराकडे बघत बसणं तिला जमेना. भावाने सांगितलेलं एक काम तरी हाताशी होतं. मामांना आईजवळ बसवून ती धावत इकडे आली.

हेमचंद्रचा माणूस खेळात वैद्य होता. तो तलवार चालवत नाही, मागे उभा राहून जखमी साथीदारांना बरं करतो. नुकतीच त्याला बढती मिळाली होती आणि तिचे पॉइंट वाटायचे राहिले होते. त्याची बरं करण्याची ताकद वाढवायची, नाहीतर त्याचा स्वतःचा जीव. एकदा दिलेले पॉइंट परत घेता येत नव्हते. आणि या लढाईत जो मरेल तो कायमचा पुसला जाणार होता.

तिने भावाने सांगितलं तसं केलं. चिलखत बाजूला ठेवलं, पांढरा झगा घातला. मग पॉइंट द्यायला म्हणून आकडे वाचले आणि तिथेच अडकली. पुण्याहून खेळणाऱ्या कुणा साथीदाराच्या योद्ध्याचा जीव दोनशेच्या वर होता. दुबईवाल्याचा त्याहून जास्त. वैद्याचा एकतीस.

"याला किती वार सोसतील?" तिने टाइप करून विचारलं.

"एक. नशीब असेल तर दीड," पुणेकराचं उत्तर आलं. "हेमू, आज असं काय विचारतोयस? टाक ना पॉइंट लवकर."

हा हेमूच आहे असं ते सगळे धरून चालले होते. आपण कोण ते सांगावं असं एकदा तिच्या मनात आलं. पण ते लिहायचं तर भाऊ कुठे आहे तेही लिहावं लागलं असतं, आणि ते शब्द पडद्यावर उमटलेले तिला बघवले नसते.

तिला भयंकर भीती वाटत होती. ही भीती येडेपणाची आहे, हेही तिला कळत होतं. बँकेत दिवसभर लोकांना समजावणारी बाई ती, तिला एवढं कळणारच. तरी तिने झगा उतरवला आणि चिलखत चढवलं. यात मंत्र हळू चालतील, अशी सूचना आली. तिने ती पुरती वाचलीसुद्धा नाही. सगळे पॉइंट जीवाला दिले आणि एंटर दाबलं.

एकतीसचे एकशे एक्कावन्न झाले.

पडद्यावर भराभर ओळी यायला लागल्या. "अरे काय केलंस हे?" "चिलखतात मंत्र म्हणेपर्यंत आम्ही संपू." "आम्हाला आता कोण बरं करणार?" वृंदा वाचत राहिली. हेमचंद्रने हे पाहिलं तर तो महिनाभर शिव्या घालेल. घालू दे, तिला वाटलं, रोज घालू दे. तिला त्या शिव्या ऐकायच्या होत्या.

होतचंद चहा घेऊन आला. रोज हेमूच्या मागे उभा राहून त्यालाही हा खेळ थोडाफार समजायला लागला होता. चहा ठेवता ठेवता त्याने पडद्यावरचे आकडे वाचले आणि कपाळाला हात लावला.

"दीदी, ये क्या कर दिया? दो साल से बना रहा था हेमू इसको. अब ये किसी काम का नहीं रहा."

"नसू दे," वृंदा म्हणाली. "कामाचा नसला तरी चालेल. असला म्हणजे झालं."