किनाऱ्यापर्यंतचे हक्क

युद्धकैद्यांचा तुरुंग पृथ्वीभोवती फिरत होता. तो भारतावर असेल तेवढाच वेळ आतल्या परदेशी कैद्यांना संविधानाचे हक्क मिळत.

सुनेत्राबाई वकिलांचा अशील तेमूर कोर्टातल्या पडद्यावर आला. पट्टेवाल्याने सावकाश तीनदा पुकारा केला. मग शपथ, मग शपथेचं भाषांतर. सुनेत्राबाई सारख्या घड्याळाकडे बघत होत्या.

"साहेब, हात जोडते, त्याला आधी बोलू द्या!"

"रीत सोडून कसं चालेल, बाई?" न्यायाधीश म्हणाले. शपथ संपल्यावर ते तेमूरकडे वळले. "हं, बोला. काय तक्रार आहे?"

तेमूरने तोंड उघडलं आणि नियमाप्रमाणे आवाज बंद झाला. तुरुंगाखाली समुद्र लागला होता.

"अरेरे! पुढच्या फेरीला घेऊ," न्यायाधीश हळहळले. "पुकाऱ्यापासून."

पडद्यावर तेमूर अजून बोलतच होता.