वत्सलाचा आवाज

‘‘काका, काय हवंय?’’ टपाल कचेरीच्या खिडकीमागून मुक्या रोशनीने विचारलं आणि दिगंबर खोब्रागडे जागीच थबकले. आवाज त्यांच्या दिवंगत पत्नीचा, वत्सलाचा होता.

सरकारी वाचा-उपचार संस्थेत काम करणाऱ्या वत्सलाने आजारपणातही तीन महिने आपला आवाज ध्वनिमुद्रित करून दिला होता. त्यावरून एका कंपनीने बोलू न शकणाऱ्यांसाठी तिच्या आवाजात बोलणारा गळपट्टा बनवला. तोच आज रोशनीच्या गळ्यात होता.

‘एकदा अहो म्हण’ असं तिला सांगावं, हे दिगंबररावांच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

‘‘आई, मीच बोलतेय,’’ ती म्हणाली. ‘‘आजपासून हा माझा आवाज.’’

पलीकडून हुंदका ऐकू आला.

फोन ठेवून तिने विचारलं, ‘‘तिकिटं हवीत का, काका?’’

‘‘नको,’’ ते म्हणाले. ‘‘इथे जरा वेळ बसू का?’’