मालगाडी

कितीतरी महिन्यांनी आर्डिसच्या डोळ्यांत ओळख उमटली. ती नवऱ्याला म्हणाली, "थांब, तुला ओळखते मी. तू माझा..." आणि तिथेच अडकली. तिला भरवायला उचललेला चमचा मर्लने तसाच धरून ठेवला.

"नवरा गं, आई! एवढा घोरणारा दुसरा कोण असणार?" लेक म्हणाली.

"मधे बोलू नकोस," मर्ल दबक्या आवाजात म्हणाला. "मालगाडी चाललीय."

रेल्वेमुळेच वसलेलं आयोवातलं गाव ते. गाडी आली की तिथे सगळे बोलता बोलता थांबायचे आणि शेवटचा डबा गेला की त्याच शब्दापासून पुढे बोलायचे.

रूळ उखडून नेल्याला वर्षं झाली होती. तरी लेक उठली आणि तिने तिकडची खिडकी हळूच लावून घेतली.